गुरुवारचं पाणी

शेवंताचा नळ तोडला तेव्हा मी तिथंच उभी होते. पाना लावून नळी उकलली, टोकाला बूच बसवलं, मीटर काढून गोणपाटात गुंडाळला. नळीत राहिलेलं थोडं पाणी सांडलं आणि पायरीवरून ओघळत गेलं. शेवंता माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, तुमी तरी सांगा की ह्यास्नी." मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "ठराव झालाय शेवंता. मी एकटी काय सांगणार?"

एवढं सगळ्या गावाला माहीत आहे. मी पाणी समितीवर होते आणि नळ तोडायच्या ठरावाला माझाही हात वर होता. गावाला त्याचं कौतुकच वाटलं — शेवंता चुलत जाऊ असून म्हातारीनं नियम सोडला नाही.

पुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढं बसले तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या नात्यातले नाही आणि उद्या पाण्यावर भेटणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लिहायला वेळ लागतो, आणि वेळ लागला की माणूस मध्येच थांबतं. ह्या गोष्टीत मी पुष्कळदा थांबले आहे.

आमचं गाव इंदुरीहून फार लांब नाही. खाली इंद्रायणी, वर टेकाड. नदीकाठच्या विहिरीतून पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून नळाला येतं. नळाची लाइन माझ्या दारावरून पुढं जाते आणि टेकाडावर चढून शेवंताच्या दारात संपते. तिथं तिचं एकटीचंच घर. नवरा गेल्यावर तिनं डबे सुरू केले — तळेगावच्या कंपन्यांमध्ये कामाला येणारी, खोल्या करून राहणारी पोरं, त्यांना दोन वेळचं जेवण. हाताला चव होती. तिची वांग्याची भाजी खाऊन बिहारकडची पोरंसुद्धा वांगी मागायला लागली होती.

पूर्वी पाणीपट्टी एका नळाला वर्षाची एक, ठरलेली. दोन माणसांचं घर असो की दहा माणसं आणि चार म्हशी असोत, पट्टी तीच. मग समिती झाली. समितीत निम्म्या बायका हव्यात असा नियम आला. सरपंच म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत मोठं झालेलं पोर. तो येऊन म्हणाला, "मावशी, तुमचं नाव घातलंय. नुसतं बसायचं." मी म्हटलं, नुसतं बसायला मला देवळाची पायरी आहे. तिथं चहा मिळत नाही एवढंच.

पण खरं सांगू का — मला आवडलं. प्लास्टिकची का होईना, मला खुर्ची मिळाली. माझं मत विचारायचे. आयुष्यात माझं मत कुणी विचारलं होतं?

तालुक्याहून साहेब आले आणि त्यांनी समजावून सांगितलं. योजनेनं स्वतःचा खर्च स्वतः काढायचा. पंपाचं लाइटबिल, पाण्यात टाकायची पावडर, पाणी सोडणाऱ्याचा पगार, फुटक्या नळ्यांची दुरुस्ती — हे सगळं एकत्र करायचं आणि गावावर वाटायचं. वाटायचं कसं, ते गावानं ग्रामसभेत ठरवायचं. ज्यानं जेवढं वापरलं त्यानं तेवढं भरावं, म्हणून मीटर. ठरावीक पाण्यापर्यंत एक दर, त्याच्या वर गेलं की जास्त. घराचा दर वेगळा, धंद्याचा वेगळा. मी मीटरच्या बाजूनं बोलले. ह्यात चूक काय होती? मला अजून दिसत नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही डोक्यात शिरली नाही. साहेब म्हणाले, पट्टी दोन प्रकारची. नळ घेतो त्याला विशेष पाणीपट्टी. आणि सामान्य पाणीपट्टी गावातल्या प्रत्येक घराला — नळ असो नसो. मी विचारलं, ज्याच्या घरी नळच नाही त्यानं कशाचं भरायचं? ते म्हणाले, हातपंप आहे, विहीर आहे, गावाच्या पाण्यात पावडर पडते. "हा कर आहे मावशी. दुकानातल्या मालाची किंमत नव्हे." बरं म्हटलं. मग मीटरवर जी घेता ती किंमत का? ते म्हणाले, तसं नाही, तीही पट्टीच. सगळे माना हलवत होते, म्हणून मीही हलवली.

मीटर बसले आणि त्याच उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली. माझे गुडघे गेलेले. बादली भरायला अर्धा दिवस मोरीत बसून राहायचं. मी तळेगावहून प्लंबर बोलावला. तो बाहेरगावचा, आमच्या गावात कुणाशी बोलणार नव्हता. त्यानं मीटरच्या पुढं लाइनीलाच छोटी मोटर जोडून दिली. बटण दाबलं की मोटर लाइनीतलं पाणी ओढायची आणि माझी टाकी बघता बघता भरायची.

लाइनीला मोटर लावायची नाही, सापडली तर जप्त करायची आणि नळ बंद करायचा — हा ठराव त्याआधीच झाला होता. त्यालाही माझा हात वर होता.

मोटर मोरीमागं, तिच्यावर पत्र्याचं पिंप पालथं घातलेलं. आवाज जाऊ नये म्हणून मी त्या वेळेला मिक्सर लावायचे. शेजारीण विचारायची, "आक्का, एकट्या जिवाला रोज कसली ओ चटणी वाटता?" मी म्हणायचे, तुझ्या सासूला विचार, तिला ठाऊक आहे. ती हसायची. शेंगदाण्याचा कूट इतका साठला की मुलाकडे चिंचवडला डबे भरून पाठवले.

तशी मी चोरी केली का? हे मला खरंच कळत नाही. माझं पाणी माझ्या मीटरमधून यायचं. मीटरवर जेवढं पडलं तेवढी पट्टी मी दर वेळेला भरली, एक दिवस उशीर केला नाही. समितीच्या हिशेबानं मी चांगली नळधारक. मग ते पाणी कुणाचं होतं — मी पैसे भरलेलं माझं, की पुढं जायचं होतं म्हणून शेवंताचं? एकदा वाटतं हे, एकदा वाटतं ते. गावात आणखी कुणाच्या मोटरी होत्या का, तेही मला ठाऊक नाही. माझी होती, एवढं ठाऊक आहे.

एके दिवशी शेवंताची चाळण परत द्यायला मी टेकाडावर गेले. पाणी सुटलं होतं, शेजारीण शेतावर गेलेली, म्हणून मिक्सर न लावताच घरी मोटर मी चालू ठेवली होती, टाकी भरेस्तोवर येईन म्हणून. वर शेवंता नळाखाली हंडा लावून कंबरेवर हात ठेवून उभी. हंड्यात पाण्याचा थेंब नाही. नळातून नुसती फुसफुस.

"बघा आक्का, वारा येतोय," ती म्हणाली. "आन् ही चक्री बघा कशी पळतीया."

मी वाकून बघितलं. मीटरच्या काचेखाली छोटी लाल चक्री असते, पाणी गेलं की फिरते. ती गरगर फिरत होती. पाणी नाही आणि चक्री फिरते आहे.

"माझ्या मीटरला भूत लागलंय," शेवंता हसत म्हणाली. "गुरुवारी तेवढं पाणी येतं बया भडाभडा. दत्तगुरूंची किरपा. मी गुरुवारचा उपास धरलाय आता."

गुरुवारी आमच्याकडे लाइट बंद असते, दुरुस्तीसाठी. गावाची टाकी आदल्या दिवशी भरून ठेवतात, त्यामुळे नळाला पाणी असतं. पण मोटर चालत नाही.

मी घरी आले आणि मोटर बंद केली. दारात उभी राहिले. थोड्या वेळानं वरून तिची हाक आली — "आलं ओ आक्का, आलं." आवाजात इतका आनंद, जणू पाहुणाच आलाय. पाणी वर चढताना नळीतली हवा पुढं रेटली जाते आणि मीटरला हवा-पाणी सारखंच, असं काहीसं असावं. नीट मला आजही सांगता येणार नाही. पण माझ्या बटणाचा आणि तिच्या हंड्याचा संबंध मला त्या दिवशी कळला. कळण्यात काही कसर राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं. कशी दाबू शकले? तुम्ही विचाराल म्हणून नाही, मीच विचारते. उत्तर साधं आहे — पाणी हवं होतं.

शेवंताच्या मीटरवर खूप पाणी पडायला लागलं, म्हणजे कागदावर. बिल वरच्या दराचं आलं. समितीत कुणीतरी म्हणालं, डबे करते, पाणी लागणारच, हा तर धंदा आहे, धंद्याचा दर लावा. लावला. तेव्हाही मी खुर्चीवरच होते. शेवंतानं बिल भरलं नाही आणि ग्रामसभेत उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातात धरून बोलायची सवय तिला, त्यामुळे शब्द अर्धे कळायचे. पण हे सगळ्यांना कळलं — "जे पाणी मला दिसलंच न्हाई, त्याचं पैसं मी भरणार न्हाई. मीटर वाऱ्यानं फिरतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "वैनी, मंग बिल बी वाऱ्यावरच सोडा की." सगळी सभा हसली. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं.

सरपंच पोरगा वाईट नव्हता. तो म्हणाला, असं नको, समितीनं पाणी सुटल्यावर जाऊन डोळ्यांनी बघावं. कधी जायचं? कुणाची पाळी पहिली, कुणाची दुसरी, कुणाला रजा मिळत नव्हती. समितीतले दोघं कंपनीत कामाला.

तेव्हा मी बोलले. "गुरुवारी जाऊ," मी म्हणाले. "कंपनीवाल्यांना सुट्टी असते. सगळे येतील."

हेच ते. आतापर्यंत ज्याच्याभोवती फिरत होते ते हे एवढंच वाक्य. सगळे म्हणाले, बरोबर आहे मावशीचं. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. शेवंतानंही मान हलवली. तिला वाटलं असेल, जाऊ आपल्या बाजूनं आहे, सगळ्यांनी यावं म्हणून झटते आहे. गुरुवारी पाणी येतं हे तीच तर मला म्हणाली होती. तेव्हा सभेत तिला ते आठवलं का नाही? की आठवलं आणि वाटलं, माणसं येणार आहेत, देव आज तरी पाणी अडवून खरं काय ते दाखवेल? हे कोडं मला सुटलेलं नाही. तिला विचारायचा धीर झाला नाही.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते की ते वाक्य सहज आलं — सुट्टीचाच विचार होता. नाही. सहज आलं नव्हतं. तोंड उघडण्याआधी मी मनात वार मोजले होते.

गुरुवारी आम्ही टेकाडावर गेलो. गुडघे दुखत होते, पोरांनी मला हात दिला. शेवंतानं अंगण सारवलं होतं. सगळ्यांसाठी चहा ठेवलेला. पाणी सोडलं आणि तिच्या नळाला अशी धार आली की हंडा डचमळून बाजूला सरकला. चक्री फिरत होती आणि पाणी येत होतं, दोन्ही एकदम, जसं यायला हवं तसं. कंपनीतला एकजण पुढं झाला, ओंजळ धरून त्यानं तोंड धुतलं आणि म्हणाला, "वैनी, हवा लय गार हाय की ओ तुमची."

शेवंतानं सरकलेला हंडा पुन्हा नळाखाली ओढला. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही — तो असता तर बरं झालं असतं. ती गोंधळली होती. आपण इतके दिवस जे डोळ्यांनी बघितलं ते बघितलंच नाही की काय, असं तिच्या तोंडावर होतं. नळाकडे बघे, मग माझ्याकडे बघे. तिच्या घरात माझ्यासमोर चक्री फिरली होती, आणि मी वाकून बघितली होती. ती म्हणाली, "आक्का, त्या दिशी तुमी होता ना?"

मी म्हणाले, "मला जवळचं कुठं दिसतंय आता?"

चहा पिऊन आम्ही खाली आलो. शेवंता खोटं बोलते असं कागदावर चढलं. नोटीस गेली. तिनं पुन्हा भरलं नाही — हट्ट म्हणा, नाहीतर आणखी काही. ठराव झाला, हात वर झाले, नळ तुटला. ते तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं.

पुढचं ऐका. नळ गेल्यावर शेवंता पाण्याला माझ्याकडे यायला लागली. मीच म्हटलं, ये, टाकी भरलेली असते. ती एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर घेऊन टेकाड चढायची, पुन्हा उतरायची. डब्यांची भांडी पाटीत घालून माझ्या मोरीत आणून घासायची — पालथ्या पिंपापासून हातभर अंतरावर. गावातल्या बायका म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी. माझ्या हातून तिला पाणी मिळत होतं हे खरं होतं. ते तिच्याच नळाचं पाणी होतं हेही खरं होतं. दोन्ही खरी असली तर मी नक्की काय करत होते? दान? मला ह्याला शब्द सापडत नाही. तिनं एकदा पिंपाला पाठ टेकली आणि म्हणाली, "ह्ये पिंप कशाला ओ ठेवलंय मधी?" मी म्हणाले, घूस येते.

डबे वेळेत निघेनात. पोरं तरी किती थांबतील, त्यांना कंपनीची बस पकडायची. एकेक करून दुसरीकडे लागली. वर्ष सरता सरता शेवंतानं घराला कुलूप लावलं आणि घोरावाडीला स्टेशनापाशी खोली घेतली. तिथं कुणाच्या तरी खानावळीत पोळ्या लाटते. स्वतःचे डबे होते, आता दुसऱ्याच्या पोळ्या.

माझी मोटर पुढं जळाली. मी दुसरी बसवली नाही. ह्याचं श्रेय मला देऊ नका — तोवर गावात मोठी नवी टाकी झाली होती आणि पाणी तसंच जोरात यायला लागलं होतं. सरपंच म्हणतो, आता टेकाडावरसुद्धा चढेल. चढेलही. तिथं नळ नाही.

सामान्य पाणीपट्टी मात्र त्या कुलूपबंद घराला दर वर्षी लागते. घर आहे म्हणून कर आहे. मी समितीवरून उतरले तरी हे माझ्या डोक्यातून जात नाही. वारा आला त्याची पट्टी लागली, आणि आता काहीच येत नाही त्याचीही लागते. साहेबांनी समजावलं होतं, कर म्हणजे किंमत नव्हे. त्यांचं चुकलेलं नाही. नियम बघितला तर कुठंच काही चुकलेलं नाही. ठराव रीतसर, मीटर चांगला, पाहणी सगळ्यांसमोर. मग हे झालं कसं? मी कागद उलटसुलट करून बघते आणि शेवटी त्या एका वाराशीच येऊन थांबते.

परवाच्या जत्रेला शेवंता गावात आली होती. देवळात जायच्या आधी माझ्याकडे आली. केस पिकलेत, तळव्यांना तव्याचे चटके. पिशवीतून माझ्यासाठी वांग्याची भाजी काढली, अजून कोमट होती. "तुमच्या पाण्यावर ते वरीस काढलं, आक्का," ती म्हणाली. "न्हाईतर माझं काय झालं असतं?"

मी ताट घेतलं आणि म्हणाले, "बस. जेव."

आम्ही दोघी जेवलो. भाजी चांगली होती. मी पुन्हा घेतली. संध्याकाळी ती चालत सडकेपर्यंत गेली आणि रिक्षा धरून घोरावाडीला परतली.

नळ शेवंताचा तुटला. खोटं बोलल्याचा डाग तिला लागला, डबे तिचे बुडाले, घराला कुलूप तिच्या पडलं. मी ह्याच घरात आहे. माझ्या नळाला रोज पाणी येतं.